आपल्या मालाला आपलाच पत्ता

(पोंभुर्णा येथे महिला बचत गट, बुरूड कारागीर व लघुउद्योजक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



लहान उद्योगाचे स्वतःचे संकेतस्थळ असावे काय, असल्यास ते कशासाठी, या विषयावर आपल्याशी चार शब्द बोलावेत अशी मला सूचना झाली. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाच्या पोटात काय चालते हे मला विचाराल तर माझी फजिती होईल. परंतु माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे हे माझे रोजचे काम आहे, आणि ती का पोहोचत नाही याचा अनुभव मला अनेक वर्षांचा आहे. त्या अनुभवाच्या आधारेच मी बोलणार आहे. प्रारंभीच माझ्या हातून झालेली एक चूक आपल्यापुढे कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील एका बचत गटावर मी लेख लिहिला होता. या भगिनी बांबूच्या परड्या, टोपल्या आणि दिव्यांची आवरणे करीत. लेख छापून आला, सोबत छायाचित्रही आले. गटाच्या अध्यक्षा कामट्या काढीत बसल्या आहेत, असे ते छायाचित्र होते. लेखाखाली त्यांचा भ्रमणध्वनी क्रमांक दिला होता. मला समाधान वाटले आणि मी पुढच्या कामाला लागलो. सुमारे दीड वर्षाने पुण्याच्या एका दुकानदारांचे पत्र आमच्या कार्यालयात आले. त्यांना दोनशे परड्या हव्या होत्या, आणि माल पसंत पडल्यास दरवर्षी घेण्याची त्यांची तयारी होती. लेखातील क्रमांक लागत नाही, म्हणून त्यांनी आमच्याकडे लिहिले होते. दरम्यान अध्यक्षा बदलल्या होत्या, क्रमांक बंद झाला होता, आणि ते पत्रही आमच्याकडे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात तीन आठवडे पडून राहिले होते. मी गटाचा शोध लावून पुण्याला कळवले, तोवर त्यांनी दुसरीकडून खरेदी उरकली होती.

ही हकिकत मी गटातील भगिनींना सांगितली. कोणी रागावले नाही. एक वयस्कर बाई एवढेच म्हणाल्या, “साहेब, टोपली आमची अन् चिठ्ठी दुसऱ्याची, असंच चालते आमचं.” त्यांची टोपली व्यापारी नेतो, तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावतो आणि शहरात विकतो. घेणाऱ्याला ती आवडली, तरी ती कोणी केली हे कळण्याची सोय नसते. पुन्हा हवी असेल तर तो त्या चिठ्ठीच्या पत्त्यावर जातो. माल पोंभुर्ण्याचा असतो, पण गिऱ्हाईक पोंभुर्ण्याचे होत नाही. आजच्या विषयाचे सार मला त्या बाईंच्या एका वाक्यात मिळाले.

कायमचा फलक

आपण झाडीपट्टीतील माणसे. दिवाळीनंतर आपल्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक मंडळी आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी असते. आज तिचा तंबू कोठे आहे हे विचारत फिरणाऱ्याची रात्र त्यातच संपेल. तरीसुद्धा गावकऱ्यांना नाटक ठरवताना अडचण पडत नाही, कारण वडशाला मंडळ्यांची कार्यालये आहेत आणि त्यांवर फलक आहेत. नट बदलले, नाटक बदलले, तरी फलक जागच्या जागी असतो. गावची मंडळी वडशाला जाते, फलक पाहते, तारीख ठरवते आणि परत येते.

संकेतस्थळ म्हणजे असाच एक कायमचा फलक होय. फरक एवढाच की हा फलक पुण्यातील दुकानदारास, नागपूरच्या घरसजावटकारास अथवा परदेशातील मराठी कुटुंबास आपल्या घरी बसून वाचता येतो, आणि तोही मध्यरात्री. गटाच्या अध्यक्षा बदलोत, क्रमांक बदलो, पत्ता तोच राहतो. आतला क्रमांक तेवढा बदलायचा. माझ्या लेखाखाली असा एक पत्ता छापलेला असता, तर दीड वर्षानंतरही ते दुकानदार योग्य दारी पोहोचले असते.

उत्पादकाने आपल्या मालाची माहिती आपणच ग्राहकास द्यावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत असलेल्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर विकावयास घेतला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. आपल्या कारखान्याची व मालाची माहिती लोकांना थेट मिळावी, हा त्यामागील हेतू होता. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ हे प्रतिष्ठित मासिक झाले. पत्र छापण्यास त्या काळी छापखाना, कागद आणि टपाल यांचा खर्च करावा लागे. ते सामर्थ्य मोठ्या कारखान्याजवळ होते. टोपली विणणाऱ्याजवळ नव्हते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि आज एका लहान गटालासुद्धा स्वतःची ‘खबर’ थोड्या खर्चात काढता येते. या संधीचा उपयोग आपण करावयाचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

व्हॉट्सॲप आहे, मग आणखी कशाला?

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात ही शंका असेल. “आमचे व्हॉट्सॲपवर गट आहेत, फेसबुकवर छायाचित्रे टाकतो, त्यावर मागणीही येते. मग हा वेगळा खटाटोप कशाला?” शंका रास्त आहे. ही साधने उपयुक्त आहेत, आणि ती सोडा असे मी मुळीच सांगणार नाही. परंतु आठवडी बाजारातील बसण्याची जागा आणि स्वतःचे घर यांत जो भेद आहे, तो येथेही आहे. बाजारात गर्दी असते, म्हणून तेथे जावेच लागते. पण ती जागा आपली नसते. उद्या बाजार हलला, तर आपल्यालाही हलावे लागते.

याची उदाहरणे अलीकडचीच आहेत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ परदेशी ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून तो निर्णय झाला. पण ज्यांनी आपला सगळा प्रेक्षक आणि गिऱ्हाईक तेथेच जमवले होते, त्यांचे ते गोत एका रात्रीत विखुरले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही साधने जगभर सुमारे सहा तास बंद पडली. गूगलने लहान व्यावसायिकांना त्यांच्या नोंदीसोबत साधे संकेतस्थळ विनामूल्य दिले होते. मार्च २०२४ मध्ये ती सोय कंपनीने बंद केली. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. दुसऱ्याच्या जागेवर बांधलेली झोपडी जागेच्या मालकाच्या इच्छेवर उभी असते, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की बाजारातील गर्दीत जरूर बसा, पण येणाऱ्या प्रत्येकास घरचा पत्ता द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या छायाचित्राखाली, टोपलीला बांधलेल्या चिठ्ठीवर, प्रदर्शनातील फलकावर, बिलावर, सर्वत्र संकेतस्थळाचा एकच पत्ता असू द्या. बाजार हलला तरी गिऱ्हाईक घरी येईल.

आपल्याला शोधणार कोण?

दुसरी शंका अशी, की पोंभुर्ण्याच्या कारागिराला शोधत कोण येणार? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. आज देशोदेशींचे पर्यटक तेथे येतात. ते सफारीचे आरक्षण संकेतस्थळावरून करतात, मुक्कामाची जागाही तशीच शोधतात. चंद्रपूर जिल्ह्यातून काय न्यावे, हेही ते तेथेच शोधतात. त्या वेळी त्यांना आपले नाव दिसले नाही, तर दुसऱ्या कोणाचे तरी दिसते. पर्यटक आपल्या उंबरठ्यापासून काही कोसांवर येऊन परत जातो आणि बांबूची वस्तू मुंबईच्या दुकानातून घेतो, हे आपण किती दिवस पाहायचे?

शिवाय ग्राहक म्हणजे केवळ एक परडी घेणारा पर्यटक नव्हे. एखाद्या निवासस्थानाला दिव्यांची आवरणे लागतात, शाळेला समारंभासाठी भेटवस्तू लागतात, मिठाईच्या दुकानाला दिवाळीत लहान टोपल्या लागतात. असे मोठे गिऱ्हाईक सौदा करण्यापूर्वी चौकशी करते. हा गट खरोखर आहे काय, किती वर्षे काम करतो, पूर्वी कोणते काम केले आहे, याची त्याला खात्री हवी असते. बँकेच्या अधिकाऱ्यालाही ती हवी असते. संकेतस्थळ अशा वेळी आपल्या वतीने साक्ष देते.

फलकावर लिहावे काय?

मी अनेक संकेतस्थळे पाहिली आहेत. पुष्कळांवर मोठमोठी वाक्ये असतात, हलणारी चित्रे असतात, मान्यवरांची छायाचित्रे असतात. आणि टोपलीची किंमत मात्र कोठेच नसते. ही चूक आपण करू नये. गिऱ्हाईकाला पाच-सहा गोष्टी कळाल्या की पुरे. आपण कोण, आपले गाव कोठे आणि तेथे यावे कसे, आपण काय बनवतो, त्याची किंमत किती, माल किती दिवसांत मिळतो आणि संपर्क कोणाशी करावा.

प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी व वजन लिहावे. छायाचित्र सकाळच्या उजेडात, स्वच्छ पार्श्वभूमीवर काढावे. वस्तूचा आकार कळावा म्हणून शेजारी तांब्या अथवा ओंजळभर फुले ठेवावीत. बांबूस भुंगा लागतो, ही गिऱ्हाईकाची नेहमीची भीती असते. आपण बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू भिजवून घेत असाल तर तसे लिहा. घेत नसाल तर घेत असल्याचे लिहू नका. परडी ओली ठेवू नये, सावलीत वाळवावी, या साध्या सूचनाही द्याव्यात. आणि मजकूर मराठीत अवश्य असावा. त्याबरोबर हिंदी व इंग्रजीही असू द्यावी. पण आपल्या माणसास आपलीच गोष्ट परभाषेत वाचावी लागू नये.

आपली हकिकतही थोडक्यात सांगावी. मानवेल कोठून येतो, तो कोणत्या ऋतूत तोडतात, एका सुपाला किती वेळ लागतो, हे शहरातील माणसास ठाऊक नसते. ते कळले, की घासाघीस करणारा हात थोडा आवरतो. ज्या वस्तूमागचे श्रम दिसतात, तिची किंमत देणे माणसास जड जात नाही.

सातबारा आपल्या नावावर

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, नोंदवून घ्यावे लागते. ‘डॉट इन’ हे भारताचे नामाभिधान सर्वांसाठी २००५ साली खुले झाले, आणि २०१४ पासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ताही घेता येतो. नोंदणीचा खर्च वर्षाकाठी साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर येतो. संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेचे भाडे निराळे. हा खर्च एकदाच करून भागत नाही. जमिनीच्या साऱ्याप्रमाणे तो दरवर्षी भरावा लागतो.

माझ्या माहितीतील एका गटाने अशी नोंदणी एका होतकरू तरुणाकडून करून घेतली. काम सुरेख झाले. पण नोंदणी त्या तरुणाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर झाली होती. पुढे तो नोकरीसाठी दूर गेला, वर्ष संपल्याची सूचना त्याच्याकडे गेली, पैसे भरले गेले नाहीत आणि पत्ता हातचा गेला. गटाने छापून घेतलेल्या हजार चिठ्ठ्या वाया गेल्या. त्या मुलाच्या मनात कपट नव्हते, पण शेत आपले आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, असा तो व्यवहार होता. तेव्हा नोंदणी गटाच्या अथवा उद्योगाच्या नावे करा, संकेतशब्द दोन जबाबदार व्यक्तींजवळ ठेवा, आणि नूतनीकरणाची तारीख गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

एकट्या कारागिरास खर्च झेपत नसेल, तर चार-पाच गटांनी मिळून एक संकेतस्थळ करावे. प्रत्येकाचे पान निराळे, पत्ता एक. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रातून शिकलेली मुले-मुली, महाविद्यालयात जाणारी आपली मुले यांना हाताशी घ्यावे. आजी परडी विणते आणि नात तिचे छायाचित्र काढून माहिती लिहिते, ही कामाची वाटणी मला फार मोलाची वाटते. शिकलेल्या मुलीला आजीचे काम हलके वाटू नये, याचा हाही एक उपाय आहे.

भ्रम नको

मात्र आपल्या मनात भ्रम राहू नये. संकेतस्थळ केले की दुसऱ्या दिवशी मागण्यांची रांग लागते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. फलक लावल्याने दुकान चालत नाही. चौकशीस त्याच दिवशी उत्तर गेले पाहिजे. पाचशे परड्यांची मागणी आली आणि आपले सामर्थ्य शंभराचे असेल, तर तसे स्पष्ट कळवले पाहिजे. रोवणीच्या दिवसांत हात शेतात गुंततात; तेव्हा माल उशिरा मिळेल, हे आधीच लिहिले पाहिजे. गावात संपर्क-यंत्रणा कधी कधी दगा देते. म्हणून रोज एका ठरावीक वेळी, जेथे ती मिळते तेथे बसून निरोप पाहण्याची जबाबदारी एकीने घेतली पाहिजे.

व्यवहाराचे नियमही समजून घ्यावेत. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-व्यापार) नियमांनी विक्रेत्याने आपले नाव-पत्ता, किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी स्पष्ट देण्यावर भर दिला आहे. उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून विनामूल्य करता येते. राज्याबाहेर माल पाठवताना वस्तू व सेवा कराविषयी जाणकाराचा सल्ला घ्यावा. पैशांसाठी २०१६ साली आलेली यूपीआय ही पद्धत आपल्याला आता सवयीची झाली आहे. पण पैसे घेण्यासाठी कोणी गुप्त क्रमांक विचारला तर तो कधीही देऊ नका. पैसे स्वीकारण्यास गुप्त क्रमांक लागत नाही, हे गटातील प्रत्येक भगिनीस ठाऊक असले पाहिजे.

हक्काची पुढची पायरी

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. आपल्या भागातील बांबू कित्येक दशके बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात राहिला. जंगलाशेजारी राहणाऱ्यांचा त्याच्या विक्रीवर अधिकार नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मार्ग खुला झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवसापासून आपला बांबू कोणास, काय भावाने विकावा हे ते गाव स्वतः ठरवू लागले. पुढे २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. शेताच्या बांधावरील बांबू तोडण्या-नेण्यातील अडसर त्यामुळे कमी झाला.

मालावरचा हक्क असा पायरीपायरीने मिळत आला आहे. मालाच्या नावावरचा हक्क मात्र कोणताही कायदा आपल्या हातात आणून देणार नाही. तो आपणच घ्यावयाचा आहे. आपल्या तरुणांना मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जावे लागते. घरच्या कलेवर पोट भरत नाही, म्हणून ते जातात. परडी तीच, बांबू तोच, हातही तेच. पण ती कोणाची हे घेणाऱ्यास कळले आणि पुढच्या वेळी तो थेट त्या हातांकडे आला, तर मधला काही वाटा घरात राहील. त्यामुळे सगळे स्थलांतर थांबेल असे मी म्हणणार नाही. चार घरांचे थांबले, तरी हजार रुपयांचा खर्च सत्कारणी लागला असे मी समजेन.

पुण्याच्या त्या दुकानदारांचे पत्र अजून माझ्या संग्रही आहे. यानंतर मी आपल्या गटांवर लेख लिहीन, तेव्हा भ्रमणध्वनी क्रमांकाबरोबर आणखी एक ओळ मागेन. ती ओळ आपण मला द्यावी, एवढीच विनंती. मग मी चुकलो, माझे कार्यालय चुकले, पत्र तीन आठवडे टेबलावर पडून राहिले, तरी आपले गिऱ्हाईक वाट चुकणार नाही.



जय हिंद! जय महाराष्ट्र!